बर्फावरचे नियम

खेळ रचणारा खेळणाऱ्याला एक वचन देत असतो. ते कुठे लिहिलेलं नसतं, पण त्याच्यावाचून खेळ उभा राहत नाही. आज जो नियम तू शिकलास तो उद्याही खरा राहील, एवढंच ते वचन. पहिल्या टप्प्यात करडी फरशी पायाखाली खचली, तर दहाव्या टप्प्यातही करडीच खचेल. पांढरी दगा देणार नाही. या भरवशावर माणसं रात्र रात्र जागून अनोळखी जगांत वावरतात, पडतात, पुन्हा उठतात. पडण्याचं त्यांना वाईट वाटत नाही. पण नियम पाळूनही पडलो असं वाटलं, की ती कंट्रोलर बाजूला ठेवतात आणि त्या जगाकडे पुन्हा फिरकत नाहीत.

आर्क्टिकच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या इनुइट लोकांना समुद्राच्या बर्फाने पिढ्यान्‌पिढ्या असंच वचन दिलं होतं. ते सोपं नव्हतं. बर्फ माणसं गिळतही असे. पण तो कुठे गिळतो, कोणत्या वाऱ्यानंतर, चंद्राच्या कोणत्या कलेला, हे आजोबा नातवाला सांगू शकत होते, आणि आजोबांचं सांगणं नातवाच्या आयुष्यात खरं ठरत होतं. गेल्या काही दशकांत ते खरं ठरेनासं झालं आहे. मी सध्या जो खेळ रचते आहे तो या ‘ठरेनासं होण्या’बद्दल आहे. कोसळणाऱ्या हिमकड्यांची, हाडं निघालेल्या अस्वलांची चित्रं जगाने भरपूर पाहिली आणि हळहळूनही झालं. पण एखाद्या समाजाचं ज्ञान त्याच्या हातात असतानाच निकामी होत जातं, ते चित्रात कसं दिसणार? त्यासाठी आधी ते ज्ञान शिकावं लागतं, त्यावर विसंबावं लागतं, आणि मग एक दिवस ते पायाखालून सरकावं लागतं. हे खेळातच शक्य आहे असं मला वाटतं. म्हणून हा हट्ट.

मी माँट्रियलमध्ये राहते. आमचा गट छोटा आहे, आणि त्यातली एक सहकारी मूळची इग्लूलिकची. तिच्यामुळे, आणि तिने ज्यांच्याशी आमची गाठ घालून दिली त्या वडीलधाऱ्यांमुळे, हा खेळ होतो आहे. इग्लूलिक हे कॅनडाच्या नुनावुट प्रदेशातलं बेट, उत्तर ध्रुववृत्ताच्याही बरंच वर. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य क्षितिजाखाली जातो तो जानेवारीच्या मध्यालाच वर येतो. 1 एप्रिल 1999 रोजी वेगळ्या झालेल्या या नुनावुटचं क्षेत्रफळ वीस लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे, 2021 च्या जनगणनेतली लोकसंख्या 36,858, वस्त्या 25; आणि त्या पंचवीस वस्त्यांना एकमेकींशी जोडणारा रस्ता एकही नाही. विमान आहे, पण भाडं आवाक्याबाहेरचं. उन्हाळ्यात थोडे आठवडे जहाजं येतात. एरवी समुद्र गोठलेला असतो, आणि तो गोठलेला समुद्र हाच रस्ता, हेच शिकारीचं रान, हीच मावशीच्या गावाची वाट. बातमीत ‘बर्फ कमी झाला’ असं आपण वाचतो, तेव्हा इग्लूलिकमध्ये रस्ता गेलेला असतो.

खेळाचा पहिला तास फक्त बर्फ ओळखण्याचा आहे. हेडसेट डोळ्यांवर चढवल्यावर खेळणाऱ्याच्या हाती उनाक येतो, लांब दांड्याचा हार्पून. पुढचं पाऊल जिथे पडणार तिथे तो आधी आपटायचा. एका ठोक्यात आरपार गेला तर तिथे पाय ठेवायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण ठोक्याआधीही खूप काही वाचायचं असतं. समुद्राचं खारं पाणी उणे 1.8 अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठतं आणि गोठताना मीठ बाहेर टाकत जातं. काही मीठ बर्फाच्या बारीक नळ्यांत अडकून राहतं. म्हणून कोवळा समुद्री बर्फ एकदम तडकत नाही, तो लवतो. चालणाऱ्याच्या पावलाखाली किंचित दबतो, पुढे लाटेसारखा उचलला जातो. गोड्या पाण्याच्या तळ्यावरच्या बर्फाला हे लवणं माहीत नाही. गडद रंग म्हणजे पातळ, करडा म्हणजे जेमतेम, पांढरा म्हणजे जाड; पण हिवाळ्याच्या तोंडालाच भुसभुशीत हिम दाट पडलं असेल तर पांढऱ्यावर विसंबू नये, कारण ते हिम वरची थंडी खाली पोचू देत नाही आणि बर्फ जाड व्हायचा राहतो. सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या जागी प्रवाहाला वेग असतो, तिथे भर हिवाळ्यातही बर्फ विरळ. आणि अमावास्या-पौर्णिमेला भरतीचा जोर वाढतो, तेव्हा सिनाकवर जपून राहायचं. किनाऱ्याला धरून बसलेला बर्फ जिथे संपतो आणि उघडं पाणी सुरू होतं ती कड म्हणजे सिनाक. सील तिथेच, वॉलरस तिथेच, आणि तुकडा सुटून माणसासकट समुद्रात वाहून जाण्याची भीतीही तिथेच.

यातलं काहीही अक्षरांनी सांगायचं नाही असं आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. बाण नाहीत, कोपऱ्यात तबकडी नाही, धोक्याला लाल रंग नाही. ठोक्याचा आवाज, हाताला बसणारा धक्का आणि उनाक किती खोल गेला एवढ्यावरच खेळणाऱ्याने ठरवायचं. आवाजावर आमचं सगळ्यात जास्त काम झालं आहे. कडाक्याच्या थंडीत हिम पायाखाली उंच, कोरड्या स्वरात करकरतं. तापमान शून्याकडे सरकू लागलं की तोच स्वर खाली उतरतो, ओला होतो, आणि शेवटी नाहीसाच होतो. आमची सहकारी घरातून बाहेर पाऊल टाकताच या करकरीवरून थंडीचा अंदाज सांगते. खेळणाऱ्यांनाही हळूहळू हा कान येतो. त्यांना स्वतःला ते कळत नाही, पण थोड्या वेळाने त्यांची मान खाली झुकलेली असते, आणि ते पावलं टाकत नसतात, ऐकत असतात. मला या खेळातला हा क्षण सर्वांत प्रिय आहे.

मग खेळातली वर्षं पुढे सरकतात.

इथेच खेळ रचणाऱ्याच्या मूळ धर्माशी गाठ पडते. शिकवलेला नियम आम्हाला मोडायचा आहे. पण तो सरळ मोडला तर खेळणारा चिडेल आमच्यावर, आणि त्याचं चिडणं रास्तच असेल. खेळ फसवा आहे असं त्याला वाटेल. बर्फ बदलला आहे हे कळणारच नाही. त्यामुळे आम्ही बदल एका जागी ठेवला नाही, तो सगळीकडे थोडा थोडा मुरवला. करकर उशिरा सुरू होते. पहिली घसरगाडी निघायचा दिवस पुढे जातो. ज्या चिंचोळ्या जागेला वळसा घालायचा असतो ती जागा रुंद होत जाते. आणि बरोबर असलेले आजोबा, जे पहिल्या हिवाळ्यात सांगत असतात, ते पुढच्या एका हिवाळ्यात विचारू लागतात. नातवाला विचारतात: तुला काय वाटतं, इथून जावं? त्यांच्या तोंडी हा प्रश्न आला की खेळणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. बर्फ तडकण्याच्या कुठल्याही आवाजाने तो तसा येत नाही.

तापमान वाढवण्यासाठी आम्हाला काही कल्पना लढवावी लागली नाही. 1979 पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे, असं 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आलं. हिमाने झाकलेला बर्फ सूर्याचा बहुतेक प्रकाश परत पाठवतो. उघडा काळा समुद्र जवळजवळ सगळा पिऊन टाकतो आणि तापतो. तापला की आणखी बर्फ वितळतो. सप्टेंबर 2012 मध्ये आर्क्टिकचा समुद्री बर्फ सुमारे 34 लाख चौरस किलोमीटरवर आला, उपग्रहांनी मोजायला सुरुवात केल्यापासूनचा तो नीचांक. वितळण्या-तापण्याचं हे चक्र कोडमध्ये उतरवताना माझ्या लक्षात आलं की ते लिहायला फार थोड्या ओळी लागतात. थांबवायचं म्हटलं तर मात्र त्या ओळी कुठे लिहायच्या, हे खेळाच्या नकाशात कुठेच सापडत नाही.

आपल्याकडच्या मोक्षपटावर पाप-पुण्य आधीच घराघरांत लिहून ठेवलेलं असतं. अमुक दुर्गुणाच्या घरात सोंगटी पडली की साप, अमुक सद्गुणाच्या घरात पडली की शिडी. हवामानबदलावरचे पुष्कळसे खेळ मला त्या पटाचे वंशज वाटतात: झाड लावलं, शिडी, कोळसा जाळला, साप. शाळेतल्या मुलांसाठी ते ठीक असेल. पण इग्लूलिकच्या मुलाला या पटावर बसवलं तर काय होतं? त्याची सोंगटी सापाच्या तोंडात जाते ती त्याच्या दानाने नव्हे. फासे दुसरीकडे पडले, दुसऱ्यांच्या हातून, कितीतरी पिढ्या आधीपासून. अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड आणि रशियाचा चुकोत्का मिळून इनुइट आहेत सुमारे एक लाख ऐंशी हजार. त्यांनी सगळ्या घसरगाड्यांना कुत्री जुंपली आणि सगळे दिवे विझवले तरी त्यांचा बर्फ जाड होणार नाही. त्यामुळे खेळणाऱ्याच्या हाती जगाला वाचवण्याचं बटण द्यायचं नाही, यावर मी ठाम राहिले. ते दिलं असतं तर खेळ जास्त लोकांना आवडला असता, आणि खोटा झाला असता.

क्विबेकच्या उत्तरेला कूजुआकमध्ये जन्मलेल्या शीला वॉट-क्लूटिए यांनी हा हिशेब जगासमोर मांडला तो कायद्याच्या भाषेत. 7 डिसेंबर 2005 रोजी त्यांनी कॅनडा आणि अलास्कातल्या आणखी 62 इनुइटांच्या साथीने मानवी हक्कांच्या आंतर-अमेरिकी आयोगाकडे अमेरिकेविरुद्ध अर्ज केला. तापमानवाढ आमची संस्कृती, आमचं अन्न, आमचा जीव घेते आहे, म्हणून हा मानवी हक्कांचा भंग आहे, असं त्यांचं म्हणणं. आयोगाने तो अर्ज पुढे चालवला नाही. मात्र 2007 मध्ये त्यांची बाजू ऐकून घेतली. त्यांच्या 2015 च्या आत्मचरित्राचं नाव ‘द राइट टू बी कोल्ड’. थंडी हाही एखाद्याचा हक्क असू शकतो, ही कल्पना माझ्यासारख्या उन्हात वाढलेल्या माणसाला आधी डोक्याने कळली. ती अंगात उतरायला हा खेळ रचावा लागला.

हा खेळ रचण्याचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न मात्र कधी सुटत नाही, आणि तो सुटू नये असंच मला वाटतं. 2014 साली ‘नेव्हर अलोन’ हा खेळ आला. अलास्कातल्या इनुपियाक लोकांच्या कथेवरचा. अँकरेजमधल्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिलने स्वतः पुढाकार घेऊन तो घडवला. निवेदन इनुपियाक भाषेत. रॉबर्ट नासरुक क्लीव्हलंड हे कथेकरी जी कथा सांगत त्यावर तो बेतायचा ठरला, तेव्हा बनवणारे त्यांच्या वृद्ध मुलीकडे, मिनी ग्रे यांच्याकडे, परवानगी मागायला गेले. कथा कोणाची हे तिथे आधी ठरलं, कोड नंतर लिहिला गेला. आम्ही त्या खेळाकडून हा क्रम घेतला. त्यात नुना नावाची मुलगी एका पांढऱ्या कोल्ह्याच्या सोबतीने, कधीच न थांबणाऱ्या हिमवादळाचं मूळ शोधायला निघते, आणि ते मूळ तिला सापडतं. तो खेळ मला फार आवडतो. आणि तो खेळताना दर वेळी मनात येतं की आजच्या नुनाला वादळाचं मूळ शोधायचं तर तिला किती दूर चालावं लागेल, किती शहरांमधून, किती महामार्गांवरून, आणि तिथे पोचल्यावर तिची भाषा कोणाला कळेल?

आमच्या खेळात खेळणारा नायक नाही. तो नातू आहे किंवा नात, शिकणारं पोर. आजोबांच्या पुढे चालायला गेलं तर खेळ थांबतो. रागावत नाही, नुसता थांबतो.

वडीलधाऱ्यांशी बोलताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो वाटा समजून घेण्यात. इग्लूलिकच्या परिसरात वायव्येचा वारा, उआंग्नाक, हिमाच्या जिभेसारख्या टोकदार लाटा घडवतो. त्या कडक होतात आणि नंतर दुसरे वारे आले तरी दिशा सोडत नाहीत. शिकारी अंधारात किंवा पांढऱ्या धुरकटात, जिथे हातभर पुढचं दिसत नाही तिथे, या लाटांना ठरावीक कोन धरून घसरगाडी हाकतो आणि घरी पोचतो. पायांनी वाचायचं होकायंत्र. आता वारे फिरले आहेत, असं वडीलधारे सांगतात. लाटांची दिशा पूर्वीसारखी विश्वासाची राहिली नाही. घट्ट बसलेलं हिम मिळेनासं झालं, की अचानक वादळात अडकल्यावर रात्रीपुरता इग्लू बांधणंही अवघड. म्हणजे वाट चुकण्याची शक्यता वाढली आणि चुकल्यावर तग धरण्याची कमी झाली, दोन्ही एकदम.

आणि सूर्य. झकारियास कुनुक हे इग्लूलिकचे चित्रपटकार; 2001 मध्ये त्यांच्या ‘अतानारजुआत’ला कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. त्यांनी इयन माउरो या अभ्यासकासोबत 2010 मध्ये इनुइट ज्ञान आणि हवामानबदल यांवर माहितीपट केला. वेगवेगळ्या, एकमेकांपासून दूर असलेल्या वस्त्यांतले म्हातारे त्यात एकच गोष्ट सांगतात: सूर्य पूर्वीच्या जागी मावळत नाही, तारे जागेवर नाहीत, पृथ्वी कलली आहे. हे ऐकून शास्त्रज्ञांनी आधी नकारार्थी मान हलवली. पृथ्वी तशी कललेली नाही. पण थंड पृष्ठभागावर उबदार हवेचा थर बसला की क्षितिजाजवळ प्रकाश जास्त वाकतो आणि सूर्य जिथे नाही तिथे दिसतो, हे स्पष्टीकरण पुढे आलं. म्हाताऱ्यांनी पाहिलेलं खरं होतं. आयुष्यभर एकाच कड्याच्या खाचेत सूर्य उगवताना पाहिलेल्या माणसाला तो थोडा बाजूला सरकलेला कळतोच.

मी खेळातला सूर्य सरकवला आहे. अगदी थोडा. दर वर्षी जानेवारीत सूर्य परततो त्या दिवशी आजोबा दाराबाहेर उभे असतात, आणि दर वर्षी त्या उगवतीचा प्रकाश त्यांच्या चेहऱ्यावर किंचित वेगळ्या बाजूने पडतो. बहुतेक खेळणाऱ्यांना ते जाणवणार नाही. चालेल. ज्याला जाणवेल तो खेळ संपल्यावर खिडकीशी जाऊन आपल्या घरचा सूर्य कुठे उगवतो ते बघेल, अशी मला आशा आहे.

अंधाराच्या दिवसांसाठी आम्ही दोरीचे खेळ घातले. बोटांमध्ये दोरा गुंफून अस्वल, घसरगाडी, माणूस असे आकार करायचे. सूर्य परत आला की इग्लूलिकमध्ये हे खेळ बंद करत, नाहीतर सूर्याचे पाय दोऱ्यात अडकतील अशी जुनी समजूत. हेडसेटच्या दोन कंट्रोलरांनी दोरा धरता येत नाही, म्हणून इथे आम्ही कंट्रोलर खाली ठेवायला सांगतो आणि यंत्राला रिकाम्या बोटांचा माग घ्यायला लावतो. आमची सहकारी म्हणाली, या खेळात पहिल्यांदाच कोणी हात वापरतंय.

सीलच्या शिकारीचा भाग काढून टाका, असं आम्हाला पुष्कळांनी सुचवलं. रक्त पाहून लोक हेडसेट काढतील. आम्ही तो ठेवला. बर्फातल्या श्वासाच्या भोकापाशी, अग्लूपाशी, निश्चल उभं राहायचं. हललं की कंप खाली जातो आणि सील दुसऱ्या भोकाकडे वळतो. खेळात असं नुसतं उभं राहायला लावणं धाडसाचं आहे. त्या वेळात ना गुण मिळतात ना संगीत वाजतं. श्वासाचा आवाज येतो तो अचानक. नंतर आजोबा तोंडात हिम विरघळवून ते गोडं पाणी मेलेल्या सीलच्या तोंडात घालतात, कारण तो आयुष्यभर खाऱ्या पाण्यात राहिला आणि तहानलेला आहे. जुन्या पिढ्या असं करत आल्या आहेत. अलेथिया अर्नाकुक-बॅरिल यांच्या 2016 च्या ‘अँग्री इनुक’ या माहितीपटात दिसतं की दूरच्या शहरांतल्या कनवाळू मोहिमांनी सीलच्या कातड्याचा बाजार कसा मोडला आणि शिकारीच्या इंधनाला लागणारा पैसा इनुइट घरांतून कसा गेला. दयेनेही माणसं गरीब होतात. त्यामुळे सीलच्या डोळ्यांचं जवळून चित्र घेऊन खेळणाऱ्याला रडवण्याचा मोह मी टाळला आहे. तिथे दिसतात ते आजोबांचे हात, काम करणारे.

हवामानबदलाच्या या कथेत आणखी एक कथा आधीपासून घट्ट विणलेली आहे. पूर्वी बर्फ बिघडला, कॅरिबूंचे कळप वळले, तर इनुइट तंबू उचलून निघत. विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांना वस्त्यांमध्ये बसवलं गेलं. 1953 मध्ये क्विबेकच्या इनुकजुआकमधून काही कुटुंबं उचलून दोन हजार किलोमीटर उत्तरेला रेझोल्यूट आणि ग्रीज फिओर्डला नेऊन ठेवली. कॅनडा सरकारने त्याची माफी मागितली 2010 मध्ये. बॅफिन भागात त्याच दशकांत घसरगाडीची कुत्री मारली गेली. त्याची माफी आली 2019 मध्ये. कुत्रा पातळ बर्फाशी थबकतो, स्नोमोबाइल थबकत नाही. म्हणजे बर्फ बदलायला लागला तेव्हा तंबू उचलण्याची सोयही गेली होती आणि धोका हुंगणारी नाकंही. खेळात हे भाषणाने येत नाही. आजोबांच्या घरात भिंतीवर कुत्र्यांच्या पट्ट्यांचा एक जुडगा लटकतो. खेळणाऱ्याने विचारलं तरच ते सांगतात.

पण हे लोक नुसते सोसत बसलेले नाहीत, आणि हे दिसलं नाही तर आमचा खेळ अपुरा. लॅब्राडोरच्या नेनमध्ये सुरू झालेल्या स्मार्टआइस या उपक्रमात घसरगाडीवर बसवलेलं यंत्र चालता चालता बर्फाची जाडी मोजतं. हडसन उपसागरातल्या सानिकिलुआकच्या आर्क्टिक आयडर सोसायटीने ‘सिकू’ हे ॲप काढलं, त्यात शिकारी बर्फाच्या नोंदी एकमेकांना पाठवतात. पांगनिर्टुंगमध्ये सुरू झालेली पिंगुआक ही संस्था मुलांना संगणक आणि खेळ बनवणं शिकवते. उद्या ती मुलं या विषयावर माझ्याहून कितीतरी खरा खेळ बनवतील. आमच्या नातीच्या फोनवरही शेवटच्या वर्षांत असा नकाशा येतो. तरी उनाक हातातच राहतो. नकाशावर असतो तो काल मोजलेला बर्फ.

आणि आता तो भाग, ज्यावर आमचा गट सर्वांत जास्त भांडला. जवळजवळ सगळे खेळ पुढे जाणाऱ्याला बक्षीस देतात आणि सापडेल ते गाठोड्यात भरायला शिकवतात. इनुइट शिकारीत शहाणपणाची खूण म्हणजे मागे फिरणं. बर्फाचा रंग आवडला नाही, वारा फिरला, कारण सांगताही येईना तरी फिरायचं, आणि घरी कोणी त्याबद्दल विचारत नाही. दुसरं, मिळालेलं मांस आपलं नसतं. पोराची पहिली शिकार तर सगळी वाटली जाते. म्हणून आमच्या खेळात गाठोडं नाही. सील आणला की तो आपोआप घराघरांत जातो. आणि रिकामी घसरगाडी घेऊन परतलं, तर संध्याकाळी दारात कोणीतरी मांसाचा तुकडा घेऊन येतं. मागे फिरणं परवडतं ते या वाटण्यामुळे. या दोन गोष्टी एकाच दोऱ्याची दोन टोकं आहेत, हे आम्हाला खेळ चालवून पाहताना कळलं.

पुढच्या वर्षांमध्ये मागे फिरावं लागण्याचे दिवस वाढतात. आधी एका घराला, मग शेजारच्याला. आणि एका हिवाळ्यात अशी संध्याकाळ येते की सगळेच मागे फिरलेले असतात. दार वाजत नाही, कारण कोणाकडेच काही नाही. उरतं ते दुकान, दक्षिणेकडून विमानाने आलेल्या मालाचं, आणि फळीवरच्या किमती. बर्फाची जाडी स्वयंपाकघरात पोचते ती अशी. त्यात कोणी बुडालं नाही, कोणी चुकलं नाही. सगळे शहाणपणाने वागले. आमच्यातल्या काहींना वाटत होतं की खेळ इथेच, त्या न वाजलेल्या दाराशी संपावा. आमची सहकारी संतापली. आमच्या गावात संध्याकाळी रेडिओ असतो, म्हणाली, शिकारी कुठे पोचले, कोण आजारी, कोणाला काय हवं, सगळं त्यावर बोलतात. तुम्ही माझ्या गावाला मुकं कसं करता?

तेव्हा आता रेडिओ आहे. आवाज तिच्या आत्याचा, इनुक्टिटूट भाषेत. पलीकडच्या घरात म्हातारी आजारी आहे, तिला आपलं अन्न हवं आहे, कोणाकडे आहे का? नातीच्या फ्रीझरमध्ये ‘आर्क्टिक चार’ नावाच्या माशाचा उन्हाळ्यातला एक तुकडा उरलेला असतो. तो आपोआप वाटला जावा असं माझं म्हणणं होतं, नियम तोच आहे म्हणून. सहकारी म्हणाली, नाही, हे खेळणाऱ्यालाच करू दे, आणि वेळ मोजू नकोस. पुढच्या महिन्यात आम्ही हा भाग इग्लूलिकला घेऊन जाणार आहोत. तिथल्या मुलांनी तो खेळून पाहिल्याशिवाय त्यातली एकही ओळ पक्की करायची नाही असं ठरलं आहे.